इमारतीचा नकाशा व संगणकीय आरेखनाचें शिक्षण : भिवंडीच्या निमित्तानें कांहीं विचार

(१)

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींच्या दप्तरांत सनदा, महजर, करीने, ताळेबंद व खासगी पत्रें यांस जें मानाचें स्थान मिळतें, तें इमारतींच्या नकाशांस क्वचितच मिळतें. पत्राचा अर्धा फाटलेला तुकडा जपून ठेवणारा संग्राहक घराच्या नकाशाची गुंडाळी मात्र रद्दींत जाऊं देतो. याचें कारण उघड आहे. घर डोळ्यांसमोर उभें असतें. मग त्याच्या रेखाचित्राची किंमत ती काय, असें वाटतें. परंतु घर पडलें म्हणजे प्रश्न उलटा होतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. १७३० सालीं ज्याच्या कामास आरंभ झाला तो वाडा १८२८ च्या आगींत जळाला. आज तेथें तट, दरवाजे व जोतीं राहिलीं आहेत. वरच्या मजल्यांचें स्वरूप तत्कालीन कागदांतील त्रोटक उल्लेखांवरून ताडावें लागतें.

प्रस्तुत लेखांत अशाच एका साधनाचा, परंतु अगदीं अर्वाचीन काळांतील साधनाचा, विचार करावयाचा आहे. संगणकाच्या साहाय्यानें इमारतींचे वास्तुविषयक व संरचनाविषयक नकाशे काढण्याची विद्या आज शेंकडों तरुण शिकत आहेत. ती विद्या कोठून आली, ती शिकतांना नेमकें काय शिकावें लागतें, आणि भिवंडीसारख्या शहरांत तिचें महत्त्व केवळ नोकरीपुरतें कां नाहीं, हे तीन प्रश्न आम्हीं घेतले आहेत. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नकाशा हा एक लेख आहे आणि आरेखक हा लेखक आहे. लेखनिकाला जी शिस्त आपण लावतों तीच आरेखकाला लावली पाहिजे. यंत्र बदललें म्हणून ती शिस्त बदलत नाहीं. आणि ती न लागल्यास इतिहासाचीं साधनें तर जातातच, पण माणसेंहि जातात.

(२)

आधीं नकाशा काढून मग बांधणें ही पद्धति इंग्रजी अंमलाबरोबर आली, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. मध्यप्रदेशांतील भोजपूर येथील अकराव्या शतकांतल्या अपुऱ्या देवालयाच्या परिसरांत खडकांवर खांब, तळविन्यास व शिखर यांचीं रेखाचित्रें कोरलेलीं आजहि पाहावयास मिळतात. पंधराव्या शतकांत मेवाडच्या कुंभराण्याच्या आश्रयास असलेल्या मंडन सूत्रधारानें आपल्या 'राजवल्लभ' ग्रंथांत शिल्प्याचीं आठ सूत्रें, म्हणजे आठ साधनें, सांगितलीं आहेत : दृष्टि, हात म्हणजे गज, मुंजाची दोरी, कापसाची दोरी, ओळंबा, काटकोन साधण्याचें लांकूड, समपातळी साधण्याचें साधन आणि रेखाटण्याचें कर्कटक. या यादींत पहिलें साधन डोळा आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें संगणकाकडे वळल्यावर तिचा उपयोग होईल.

या परंपरेकडे मराठी वाचकांचें लक्ष वेधण्याचें श्रेय नाशिकचे रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे (१८६९–१९२९) यांस द्यावें लागेल. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकलेल्या या गृहस्थांनीं जुन्या शिल्पग्रंथांचा व्यासंग करून 'प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार' लिहिला. नव्या विद्येचा मनुष्य जुन्या पोथ्यांकडे वळल्यास काय होऊं शकतें, याचें तें उत्तम उदाहरण होय.

अर्वाचीन पद्धतीच्या आरेखनाचें शिक्षणहि आपल्याकडे वाटतें तितकें नवें नाहीं. मुंबईंत १८२३ च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखालीं एतद्देशीय मुलांस मोजणी, गणित व नकाशे काढणें शिकविणारी संस्था निघाली, आणि तींतील गणिताचीं पुस्तकें जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्यानें मराठींत तयार झालीं. म्हणजे हें शिक्षण दोनशें वर्षांपूर्वीं मराठींतून देण्यांत येत होतें. आज तें बहुतांशीं इंग्रजी आज्ञा पाठ करून दिलें जातें. पुण्यास १८५४ सालीं सरकारी बांधकाम खात्याकरितां दुय्यम नोकर तयार करण्याचा वर्ग निघाला. वझे ज्या कॉलेजांत शिकले त्याचा उगम तोच. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत १८९६ सालीं आरेखकांचा वर्ग सुरू झाला व त्यांतूनच पुढें वास्तुकलेचें स्वतंत्र शिक्षण वाढलें. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं केंद्र सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना आंखली. तिच्या अन्वयें चालणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'आरेखक, स्थापत्य' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींस घेतां येतो, आणि हाताच्या आरेखनाबरोबर संगणकीय आरेखनाचा त्यांत समावेश आहे.

भिवंडीच्या शेजारचें एक उदाहरण येथें देणें इष्ट वाटतें. अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवालयाचीं मापें घेऊन त्याचे नकाशे व साचे करण्याचें काम १८६८ च्या सुमारास मुंबईच्या याच कलाशाळेंतील मंडळींनीं केलें. त्या देवळांतील लेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचला होता. पुढील पंडितांच्या वाचनांत तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरला. एका आंकड्याच्या वाचनानें देऊळ दोनशें वर्षें मागेंपुढें सरकलें. शिलालेखाच्या बाबतींत अशी चूक दुरुस्त होण्यास कांहीं वर्षांचा वाद पुरतो. इमारतीच्या नकाशांतील आंकडा चुकल्यास मात्र वादाला अवसर मिळतोच असें नाहीं.

(३)

आतां यंत्राचा इतिहास. भिवंडी हें यंत्रमागांचें शहर असल्यामुळें एक गोष्ट प्रथम नमूद करतों. फ्रान्समधील जाकार यानें १८०४ च्या सुमारास मागावर नक्षी विणण्याकरितां भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बसविली. भोंक असेल तेथें धागा उचलला जावयाचा, नसेल तेथें नाहीं. हीच युक्ति इंग्लंडांतील चार्ल्स बॅबेज यानें १८३० नंतरच्या काळांत आपल्या योजिलेल्या गणनयंत्राकरितां घेतली, आणि अमेरिकेंत १८९० च्या शिरगणतीचे आंकडे हॉलरिथ यानें भोंकांच्या पुठ्ठ्यांवरच मोजले. संगणकाच्या वंशावळींत मागाचें नांव असें बरेंच वर येतें. भिवंडीच्या मागांवर बहुतांशीं साधें कोरें कापड निघत असलें, तरी ज्या यंत्रावर तेथील मुलें घराचे नकाशे शिकतात त्या यंत्राचें गोत्र मागाशीं जुळतें, ही गोष्ट त्या शहराला शोभण्यासारखी आहे.

संगणकावर रेघ काढण्याचा पहिला मोठा प्रयोग १९६३ सालचा. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत आयव्हन सदरलँड यानें आपल्या प्रबंधाकरितां 'स्केचपॅड' नांवाची रचना केली. प्रकाशाच्या लेखणीनें पडद्यावर रेघ ओढावी, दोन रेघा समांतर राहाव्या अशी अट घालावी, एक मूळ आकृति करून तिच्या कितीहि प्रती मांडाव्या, आणि मूळ बदलतांच सर्व प्रती बदलाव्या, या गोष्टी त्यांत साधल्या होत्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षें ही विद्या मोठमोठ्या कारखान्यांच्या महागड्या यंत्रांपुरती राहिली. १९८२ सालीं अमेरिकेंत 'ऑटोडेस्क' ही कंपनी निघाली व त्याच वर्षाच्या अखेरीस तिनें 'ऑटोकॅड' हें साधन बाजारांत आणलें. तें मायकेल रिडल यानें आधीं केलेल्या एका साधनावर उभारलें होतें आणि मेजावरच्या लहान संगणकावर चालत असे. महत्त्वाचा फरक तोच. आरेखनाची यांत्रिक विद्या कारखान्यांतून बाहेर पडून लहानशा कचेरींत, आणि पुढें भाड्याच्या खोलींतल्या शिकवणीच्या वर्गांत, आली ती त्यामुळें.

त्यापूर्वींची रीत जुन्या संग्राहकांस ठाऊक आहे. पेन्सिलीनें काढलेला नकाशा मेणकापडावर किंवा पारदर्शक कागदावर शाईनें उतरावयाचा, आणि त्यावरून प्रकाशाच्या साहाय्यानें प्रती काढावयाच्या. सर जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं शोधलेल्या रासायनिक कृतींतून निळ्या भूमीवर पांढऱ्या रेघांची प्रत निघूं लागली. पुढें अमोनियाच्या वाफेवर उमटणारी, पांढऱ्या भूमीवरची प्रत आली. या दोन्ही जातींच्या प्रती उजेडांत फिक्या पडतात, घड्यांवर फाटतात. तथापि त्या डोळ्यांनीं वाचतां येतात. मध्यें कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. या एका गुणाचा विचार शेवटीं करावयाचा आहे.

(४)

संगणकीय आरेखन शिकणें म्हणजे आज्ञांची यादी पाठ करणें, अशी समजूत शिकविणाऱ्यांतहि आढळते. रेघ काढणें, समांतर रेघ काढणें, जास्तीची रेघ कापणें, आकृति उलटविणें, या आज्ञा महिन्याभरांत हातांत बसतात. त्यापुढें जें शिकावें लागतें तें निराळें आहे, आणि पोथ्यांच्या अभ्यासकास तें नवें वाटणार नाहीं.

पहिली गोष्ट प्रमाणाची. कागदावर घर काढतांना तें शंभरपट लहान करून काढावें लागे. आरेखकाच्या मनांत प्रमाण सतत जागें असे. संगणकावर दहा मीटरची भिंत दहा मीटरचीच काढावयाची व प्रमाण शेवटीं छापतांना ठरवावयाचें, अशी रीत आहे. ही सोय मोठी आहे, पण तींत एक मोह आहे. यंत्र कोणत्याहि दोन बिंदूंमधील अंतर मिलिमीटरच्या अनेक दशांश स्थळांपर्यंत सांगतें. ज्या फितीनें जुनी भिंत मोजली तिच्यांत पांच मिलिमीटरचा फरक सहज पडला असेल, तर त्या दशांशांना अर्थ नाहीं. जुन्या वास्तूचा नकाशा करतांना तर गजाची लांबी कोणती धरली हें आधीं सांगावें लागतें. गजाचे चोवीस तसू हें कोष्टक सर्वत्र एक असलें, तरी गज स्थळपरत्वें लहानमोठा असे. ज्याला मापाचा उगम सांगतां येत नाहीं त्यानें आंकडा लिहूं नये, हा धडा पहिला.

दुसरी गोष्ट पदरांची. संगणकीय नकाशांत भिंती एका पदरावर, दारेंखिडक्या दुसऱ्यावर, मापें तिसऱ्यावर, सांडपाण्याच्या नळ्या चौथ्यावर, अशी वांटणी करतात. प्रत्येक पदराला नांव, रंग व रेघेची जात असते. मंजुरीच्या नकाशांत रंगांना ठरलेला अर्थ असतो : रस्ता हिरवा, पाडावयाचें काम पिवळ्या तिरप्या रेघांचें, नवें काम लाल, सांडपाण्याची वाट तुटक लाल. पोथींत मूळ श्लोक काळ्या शाईनें व पुष्पिका हिंगुळानें लिहिण्यामागें जी दृष्टि होती तीच ही. आतां तर नकाशा तपासणारा डोळाहि अंशतः यंत्राचा झाला आहे. पुण्याच्या 'सॉफ्टटेक इंजिनिअर्स' या कंपनीनें केलेली 'ऑटोडीसीआर' ही प्रणाली पदरांचीं नांवें वाचून क्षेत्रफळें मोजते व नियमांशीं ताडून पाहते. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्रांतील बहुतेक नगरांकरितां विकास नियंत्रणाची एकच नियमावली मंजूर झाल्यावर अशा तपासणीस सोय झाली. परंतु पदराचें नांव बरोबर आणि त्यावरची रेघ चुकीची असेल, तर यंत्र ती चूक पकडीलच असें नाहीं. मंडनाच्या यादींतील पहिलें साधन येथें लागतें.

तिसरी गोष्ट आंकड्याच्या खरेपणाची. आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची हीच. संगणक दोन बिंदूंमधील अंतर स्वतः मोजून लिहितो. पण तो लिहिलेला आंकडा पुसून त्या जागीं दुसरा आंकडा हातानें घालण्याचीहि सोय आहे. समजा, जिन्याची रुंदी नियमानुसार हवी त्याहून चार इंच कमी भरली. प्रामाणिक आरेखक भिंत सरकवून सगळी आकृति पुन्हा जुळवील. उतावळा आरेखक आंकडा बदलील. छापलेल्या प्रतीवर दोन्ही नकाशे सारखेच दिसतात. महजरांत मागाहून घातलेली ओळ ओळखण्याकरितां आपण शाई, वळण व कागद पाहतों. नकाशांतील अशी घुसड ओळखण्यास प्रमाणपट्टी लावून प्रत्यक्ष रेघ मोजावी लागते, आणि बांधकामाच्या जागीं तेवढा वेळ कोणाला असतो? म्हणून ही सवय शिकण्याच्या पहिल्या महिन्यांतच मोडली पाहिजे. ज्या वर्गांत गुरु शिष्याच्या नकाशांतील प्रत्येक माप उघडून पाहत नाहीं, तेथें आज्ञा शिकविल्या जातात, आरेखन शिकविलें जात नाहीं.

चौथी गोष्ट वास्तुविषयक व संरचनाविषयक नकाशांतील भेद. पहिला नकाशा घर कसें दिसेल व कसें वापरलें जाईल हें सांगतो. दुसरा तें कां उभें राहील हें सांगतो. दुसऱ्यांत पाया, खांब, तुळया व स्लॅब यांच्या सळयांचा हिशेब असतो : सळई किती जाडीची, कोठून कोठपर्यंत, रिंगा किती अंतरावर, जोड कोठें. एकच उदाहरण देतों. दोन्ही टोंकांस टेकलेल्या साध्या तुळईंत मुख्य सळया खालच्या अंगास असतात, कारण भारानें तिचें पोट ताणलें जातें. बाहेर काढलेल्या सज्ज्यांत हें उलट होतें. तेथें वरचें अंग ताणलें जातें, म्हणून मुख्य सळया वर असाव्या लागतात. आरेखकानें तुळईच्या छेदाची प्रत उचलून सज्ज्याच्या जागीं मांडली आणि सळया खालींच राहिल्या, तर चित्र नीटनेटकें दिसेल, सळयांचें वजनहि बरोबर भरेल, आणि सज्जा मात्र पडेल. काँक्रीटच्या बांधकामाकरितां भारतीय मानक ४५६ व भूकंपाच्या दृष्टीनें सळयांच्या मांडणीकरितां मानक १३९२० हे ग्रंथ अभियंत्याचे आहेत, हें खरें. परंतु त्यांचा आशय काय आहे हें नकलकारालाहि समजलें पाहिजे. संस्कृत न जाणणाऱ्या लेखनिकाच्या पोथींत अक्षर सुंदर व पाठ भ्रष्ट असतो, हें आपण नेहमीं पाहतों.

(५)

आतां भिवंडीकडे येऊं. कामवारी नदीच्या कांठचें हें जुनें गांव एकेकाळीं खाडीच्या व्यापारावर व पुढें मागावर वाढलें. भिवंडी-निजामपूर नगरपालिकेची महानगरपालिका २००१ सालीं झाली. मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांस गोदामांची जी वस्ती पसरली तिच्यासह भोंवतालच्या ६० गांवांचें नियोजन २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें. माग, बिऱ्हाडें व गोदामें यांची वाढ इतक्या वेगानें झाली कीं, नकाशा मागें राहिला आणि घर पुढें गेलें, असें पुष्कळ ठिकाणीं घडलें.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी नांवाची तीन मजली इमारत रहिवासी झोपेंत असतां कोसळली व पस्तीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. २९ एप्रिल २०२३ रोजीं तालुक्यांतील वलपाडा येथें खालीं गोदाम व वर बिऱ्हाडें असलेली इमारत पडून पुन्हा जीवहानि झाली. या दोन्ही प्रसंगांच्या कारणांचा निर्णय करणें आमचें काम नव्हे. परंतु अशा प्रत्येक प्रसंगानंतर जो प्रश्न विचारला जातो तो इतिहाससंशोधकाच्या ओळखीचा आहे : मूळ कागद कोठें आहे?

कारण इमारतीचा एकच नकाशा असतो असें नाहीं. एक असतो मंजुरीचा, जो नगरपालिकेच्या दप्तरीं शिक्क्यासह राहतो. दुसरा असतो कामाचा, जो गवंडी व सळया बांधणारे यांच्या हातीं असतो आणि ज्यावर सिमेंटचे डाग पडतात. तिसरा असावा लागतो बांधून झाल्याचा, म्हणजे प्रत्यक्षांत जें उभें राहिलें त्याचा. मंजुरींत दोन मजले, कामाच्या नकाशांत तीन व प्रत्यक्षांत चार, असा पाठभेद पडला तर कोणता पाठ प्रमाण मानावयाचा? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध झाली, तेव्हां शेंकडों प्रती ताडून पाहण्याची शिस्त विद्वानांनीं बसविली. तेथें भ्रष्ट पाठ तळटीपेंत जातो. येथें खांब मात्र एकाच पाठावर उभा असतो, व तो पाठ पायाच्या नकाशांतला असतो. पाया दोन मजल्यांकरितां लिहिला असेल तर चौथ्या मजल्याला त्यांत आधार सांपडत नाहीं.

महानगरपालिकांच्या अधिनियमांतील कलम २६५-अ अन्वयें तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून दाखला देण्याची जबाबदारी मालकांवर व भोगवटादारांवर आहे. तपासणारा अभियंता प्रथम संरचनेचे नकाशे मागतो. ते नसतील तर तो हातोड्याच्या उसळीवरून काँक्रीटचें बळ अजमावतो, ध्वनीच्या लहरी सोडून भेगा शोधतो, चुंबकीय यंत्रानें आंतल्या सळयांचा माग काढतो. झिजलेल्या शिलालेखाचा ठसा घेऊन अक्षरें जुळविण्यासारखेंच हें काम आहे. त्यांत वेळ जातो, पैसा जातो, आणि पायांतलें तर बहुधा वाचतांच येत नाहीं. मूळ नकाशाची एक गुंडाळी हातीं असती तर पुष्कळ गोष्टी दुपारभरांत कळल्या असत्या. शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्याविषयींची आपली जिज्ञासा अपुरी राहिली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. भिवंडींतल्या एखाद्या बिऱ्हाडाच्या इमारतीविषयीं तीच जिज्ञासा अपुरी राहणें निराळें आहे.

म्हणून त्या शहरांत संगणकीय आरेखन शिकणाऱ्या मुलामुलींनीं प्रथम उभ्या इमारती मोजण्यास शिकावें, असें आम्हांस वाटतें. कोऱ्या पडद्यावर कल्पित बंगला काढणें सोपें असतें. तेथें चूक दाखविणारें कांहीं नसतें. माग चालूं असलेली शेड फीत, ओळंबा व पाणसळ घेऊन मोजावी, कर्ण मोजून कोपरे काटकोनांत आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि मग संगणकावर ती जुळते कीं नाहीं तें ताडावें. न जुळल्यास दोष फितीचा कीं डोळ्याचा हें शोधतांना जें शिक्षण होतें तें कोणत्याहि आज्ञेच्या पुस्तकांत नाहीं. शिवाय त्या इमारतीचा तिसरा पाठ, बांधून झाल्याचा, आयताच तयार होतो. असे नकाशे सरकारी दाखल्याची जागा घेणार नाहींत. पण अभियंत्याला सुरुवातीचा धागा देतील.

(६)

शेवटीं जतनाचा प्रश्न, जो या त्रैमासिकाच्या वाचकांचा खास प्रश्न होय. संगणकीय नकाशा डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं. ऑटोकॅडच्या फाइलीच्या अगदीं आरंभीं सहा अक्षरांची एक खूण असते : २००० सालच्या आवृत्तीची 'एसी १०१५', २००४ ची 'एसी १०१८', २०१८ ची 'एसी १०३२', याप्रमाणें. पोथीच्या अंतीं पुष्पिका असते, येथें ती प्रारंभीं आहे, एवढाच फरक. या खुणेवरून फाइलीचा काळ ठरतो. पण नवी आवृत्ति जुन्या साधनाला उघडत नाहीं, आणि साधनाचा परवाना संपला म्हणजे त्या साधनांत मालकालाहि आपलाच नकाशा उघडतां येईनासा होतो. मराठी अक्षरांचा घोळ त्याहून मोठा. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं 'श्रीलिपि'सारख्या खास वळणांत लिहिलेलीं खोल्यांचीं नांवें तें वळण नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हें होऊन उमटतात. मोडी न येणाऱ्यापुढें मोडीचा रुमाल ठेवावा तसें होतें; परंतु मोडी शिकतां येते, हरवलेलें वळण मिळवावें लागतें.

यावर उपाय साधे आहेत. फाइलीबरोबर दीर्घ जतनाकरितां ठरविलेल्या पीडीएफ-ए या स्वरूपांत एक प्रत ठेवावी; त्या स्वरूपाचें आंतरराष्ट्रीय मानक २००५ सालीं प्रसिद्ध झालें आहे व त्यांत अक्षरांचें वळण फाइलींतच साठविलें जातें. मराठी मजकूर युनिकोडांतच लिहावा. चांगल्या कागदावर एक छापील प्रत काढावी. शीर्षपट्टींत जागेचें नांव, प्रमाण, तारीख, काढणाऱ्याचें व तपासणाऱ्याचें नांव आणि दुरुस्त्यांची यादी ही माहिती कधींहि रिकामी सोडूं नये. दुरुस्तींत काय बदललें व कोणाच्या सांगण्यावरून, हें एका ओळींत लिहावें. भावी संशोधकाला पाठभेदाचा निर्णय करण्यास तेवढी ओळ पुरते.

संग्राहकांचेंहि यांत कर्तव्य आहे. बंद पडलेल्या आरेखकांच्या कचेऱ्या, जुन्या गिरण्या व मागांचे कारखाने, निवृत्त अभियंत्यांचीं कपाटें, यांतून मेणकापडावरचे व निळ्या कागदावरचे नकाशे आज रद्दींत जात आहेत. ते मिळवावे, गुंडाळून न ठेवतां सपाट ठेवावे, उजेडापासून दूर ठेवावे, आणि प्रत्येकावर कोणत्या इमारतीचा व कोठून मिळाला याची चिठ्ठी लावावी. भिवंडीजवळ लोनाडचें भग्न शिवालय व लेणें आहे. चौधरपाड्याचा शिलाहार केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख आहे. संगणकीय आरेखन शिकणाऱ्यांनीं अशा स्थळांचेहि मोजलेले नकाशे करून संशोधनसंस्थांकडे द्यावे. बाराव्या-तेराव्या शतकांतला दगड व विसाव्या शतकांतली स्लॅब एकाच हातानें मोजली गेल्यास दोन्ही विद्यांचा लाभ होईल.

शिलालेख, ताम्रपट व रुमाल यांच्या रांगेंत नकाशाच्या निळ्या गुंडाळीला आणि तिच्यामागून आलेल्या संगणकीय फाइलीला आपल्या दप्तरांत जागा द्यावी, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.